एचबीए१सी वाढलं की दोष पेशंटचाच?

शमा_९: मी डायबेटिसच्या पेशंटना आहाराबद्दल समुपदेशन करते. "गोळ्या नीट घेत नाही" हा शेरा केसपेपरवर सर्रास दिसतो. मागच्या वर्षी एक हमाल गृहस्थ आले, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी; डायबेटिसच्या पेशंटमध्ये साधारण सातच्या आत असावं) ९.८. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी गोळी ते मुद्दाम अर्धी मोडून घेतात; ती घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम उतरू शकते. कामावर जेवायची सुट्टी कधी होईल याचा नेम नाही. एकदा पूर्ण गोळी घेतली आणि दरदरून घाम फुटला, हात इतके थरथरले की पोतं खांद्यावरून सुटलं. ही बेफिकिरी? साखरेचं गणित इच्छाशक्तीपेक्षा कमाई आणि कामाच्या वेळांवर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

सडेतोड: नाही पटलं. माझ्या आईने तुटपुंज्या कमाईत वीस वर्षं एचबीए१सी सातच्या आत ठेवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज उपाशीपोटीचा आकडा लिहायची. उलट सुखवस्तू घरांतले नऊ-दहावाले मी पाहिलेत. परिस्थितीकडे बोट दाखवलं की माणूस हातपाय गाळतो, मला याचीच भीती वाटते.

शमा_९: आईंचं कौतुकच आहे. पण २०१४ मधला कॅलिफोर्नियाचा अभ्यास बघा. साखर एकदम उतरून ॲडमिट व्हायचा धोका गरीब गटात महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होता. सधन गटात असा चढ नव्हता. पैसे संपतात, ताट रिकामं होतं, गोळी मात्र तेवढीच राहते.

पाणपोई: भर घालतो. अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडतीने कमी गरिबीच्या वस्तीत घर घ्यायला मदत दिली होती. आहाराचा सल्ला वगैरे काही नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्यातल्या बायकांत एचबीए१सी ६.५ किंवा वर, म्हणजे डायबेटिसच्या पातळीत असलेल्या, मदत न मिळालेल्यांपेक्षा कमी निघाल्या. हे २०११ साली छापून आलंय.

सडेतोड: आकडे मान्य. पण प्रत्येकाला घर कोण बदलून देणार? समोरच्या पेशंटला आज काय सांगायचं ते बोला.

शमा_९: त्या गृहस्थांना काही सांगितलंच नाही. डॉक्टरांना त्यांच्या कामाच्या वेळा सांगितल्या. जेवण चुकलं तरी साखर सहसा एकदम उतरणार नाही अशी गोळी त्यांनी बदलून दिली. तीन महिन्यांनी ८.१.

सडेतोड: आणि ती रोज न चुकता घेतली कोणी? त्यांनीच ना? तेवढं श्रेय तरी त्यांना द्या.

शमा_९: देते, मनापासून. केसपेपरवरचा शेरा मात्र अजून तसाच आहे.