कॉम्प्युटरच्या वॉटर-कूलिंगच्या कस्टम लूपमधलं (स्वतः जोडलेल्या नळ्यांच्या यंत्रणेतलं) कूलंट गढूळ झालंय, नुसतं बदलून भागेल का?

प्रश्न:
सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये. मऊ पारदर्शक पीव्हीसी नळ्या, कूलंट सव्वा वर्षापूर्वीचं. लोडवर सीपीयू पूर्वीपेक्षा 8-9 अंश जास्त तापतोय. रेडिएटरची धूळ काढली, फरक शून्य.

प्रतिसाद 1:
नाही भागणार. पीव्हीसी नळीतलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) झिरपून सीपीयू ब्लॉकच्या, म्हणजे सीपीयूवर बसणाऱ्या आणि आतून कूलंट वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, बारीक पात्यांमध्ये साचतं. ब्लॉक उघडलात की पांढरट चिकट थर दिसेल. भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी, मऊ टूथब्रश, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. निकेल प्लेटिंगला व्हिनेगर नको. अ‍ॅक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल तर अजिबात नको, तडे जातात. उघडताना फोटो काढा. जेट प्लेट (कूलंट पात्यांवर सोडणारी पट्टी) उलटी बसली की मेहनत वाया. ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) खाचेत बसवून स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. सीपीयू आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) नवीन लावा.

प्रतिसाद 2:
लूपमध्ये नवीन कूलंट भरताना वीज फक्त पंपाला. बाकी सगळे कनेक्टर काढा, एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) 24 पिनच्या कनेक्टरमध्ये 16 आणि 17 नंबरच्या पिना जोडा, म्हणजे तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. टाकी रिकामी होत आली की लगेच पंप बंद, कोरडा फिरला तर बेअरिंग जातं. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा आणि कॅबिनेट तिरकं करत हवा काढा. काही तास तरी असंच चालू द्या.

प्रश्नकर्ता:
नळ्या ईपीडीएम रबराच्या घेतो. धुवायला आरओचं पाणी चालेल?

प्रतिसाद 1:
नको, क्षार उरतात. डिस्टिल्डच घ्या, पाणी निथळ येईपर्यंत फिरवा. आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा नाही ना, ते आधी बघा. तांब्याच्या ब्लॉकसोबत तो आतून गंजतो.