कापडी पिशवीचा भाव आणि दुकानाचं कमिशन

"बचत गट काढला की मालाला भाव मिळतोच" असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. गटामुळे कापड ठोक भावात मिळतं, बँकेत पत तयार होते. पण हिशेब चुकला तर दहाजणी मिळून तोटा करतात, इतकंच.

समजा, एका पिशवीला कापड, अस्तर, चेन, दोरा मिळून ७५ रुपये. शिलाई दीड तास, ताशी ६० प्रमाणे ९०. वीज आणि पॅकिंग १०. झाले १७५. ठाण्यातलं दुकान ३० टक्के मागतं म्हणून १७५ वर ३० टक्के चढवून २२८ लावले जातात. पण कमिशन कापलं जातं ते विक्रीच्या किमतीवर! २२८ मधून ६८ गेले, उरले १६०. म्हणजे मजुरीतले १५ रुपये दुकानाला आंदण. १७५ ला ०.७० ने भागा. २५० हा खरा भाव.

वेळही अंदाजाने धरू नका. घड्याळ लावून पाच पिशव्या शिवा आणि सरासरी काढा. कापणं, इस्त्री, धागे काढणं हमखास विसरलं जातं.

दुकानात माल ठेवताना दोन प्रतींत चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, करा: नग, पैसे देण्याची तारीख, डागाळलेला नग कोणाच्या माथी.

बेलापूरच्या सिडको अर्बन हाटसारख्या ठिकाणी थेट विक्री होते, तरी टेम्पो आणि स्टॉलवर बसणाऱ्या दोघींची रोजची मजुरी खर्चात धराच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन मोफत होते, एजंटला पैसे कशाला? वारली किंवा भरतकाम करणाऱ्यांनी हस्तकला कारागिरांचं पहचान कार्डही काढून ठेवावं.