राजगडावर श्रमदान, परवानगी लागते का?

आम्ही कॉलेजचे सहाजण, रविवारी राजगडाच्या पायवाटेचं काम करायला जायचंय, पहिलीच वेळ आहे, कुणाला विचारावं लागतं का? सोबत काय न्यायचं?

– हो लागते परवानगी. राजगड राज्य पुरातत्त्व खात्याकडे येतो, लोहगड केंद्राकडे. २०२५ ला दोन्ही युनेस्कोच्या यादीत गेलेत, त्यामुळे जुन्या बांधकामाचा एक दगडही मनाने हलवू नका. आधीपासून काम करणाऱ्या ग्रुपसोबत जा.

– घमेली, फावडी, हातमोजे आणि भरपूर पाणी. वाटेवरचं पाणी कडेला काढून द्यायचं, आम्ही एका गडावर परवानगी घेऊन सुट्या दगडांची तिरकी ओळ लावली होती, पावसाळ्यानंतर जाऊन बघितलं तर माती जागेवर, इतकं बरं वाटलं ना!

– टाक्यातला गाळ काढला तर चाळल्याशिवाय फेकू नका हां, आम्हाला खापरं मिळालेली, जागा लिहून खात्याकडे दिली.