नागाचं विष: ब्रॅडफर्ड आणि बीसीएचे आकडे जुळेनात

रात्रपाळी:
वाळवलेलं नागाचं विष २ मिग्रॅ तोललं, १ मिली बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवलं. प्रथिन मोजायच्या दोन रंग-चाचण्या लावल्या: ब्रॅडफर्डने प्रथिन आलं १.१ मिग्रॅ/मिली, बीसीएने १.७. तीनदा केलं, तीनदा तेच. स्टँडर्ड (तुलनेसाठीचं, मात्रा ठाऊक असलेलं प्रथिन) दोन्हीकडे बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन; त्याचा कर्व्ह अगदी सरळ. सर म्हणतात, हात सुधार. पण हात वाईट असता तर दर वेळी वेगळाच आकडा आला असता ना? घोणशीच्या विषात एवढी तफावत पडत नाही. याच द्रावणातून पुढे डोस काढायचेत. कुठला आकडा धरू?

जुनी पिपेट:
हात ठीक आहे तुमचा. ब्रॅडफर्डमधला कुमासी हा निळा रंग प्रथिनातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला मुख्यतः धरतो, थोडाफार लायसिन वगैरेंना. नागाच्या विषात भरणा असतो तो थ्री-फिंगर टॉक्सिन नावाच्या लहान विषारी प्रथिनांचा: ६०-७५ अमिनो आम्लं, वजन जेमतेम ६ ते ८ किलोडाल्टन. इतक्या लहान प्रथिनावर रंग नीट बसत नाही. आणि समोर स्टँडर्ड म्हणून ६६ किलोडाल्टनचा बीएसए, जो ब्रॅडफर्डमध्ये एरवीही जरा जास्तच निळा होतो. मग विष कमी भरणारच.

बीसीएमध्ये प्रथिनामुळे तांब्याचं क्षपण होतं (त्याला इलेक्ट्रॉन मिळतो) आणि हिरव्याचा जांभळा रंग होतो; त्यात अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधांचाही वाटा असतो, म्हणून लहान साखळ्याही मोजल्या जातात. घोणशीत १३-१४ किलोडाल्टनचं फॉस्फोलिपेज ए२ आणि त्याहून मोठी मेटॅलोप्रोटिएज ही विकरं (एन्झाइम) असतात, त्यामुळे तिथे दोन्ही पद्धतींचं बरं जमतं.

बफर मात्र तपासा. मी एकदा ५० मिलीमोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये बीसीए लावलं. अर्धा तास ३७ अंशांवर ठेवूनही प्लेट हिरवीच. ईडीटीएने तांबं गिळलं होतं, आणि मी दोन दिवस विषालाच नावं ठेवत होतो. डीटीटी (स्वतःच क्षपण करणारं रसायन) असेल तर उलटं, रिकाम्या नमुन्यातही जांभळा रंग.

नवशिक्या:
नॅनोड्रॉपवर (थेंबभर द्रावणाचं प्रकाशशोषण मोजणारं यंत्र) २८० नॅनोमीटरला वाचलं तर? एका मिनिटाचं काम.

जुनी पिपेट:
एका मिनिटात चुकीचा आकडा मिळेल. विषात न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांसारखे लहान रेणू) असतात, ते २६० च्या आसपास शोषतात आणि २८० पर्यंत डोकावतात. शिवाय २८० ला शोषणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल प्रत्येक प्रथिनात वेगळ्या प्रमाणात. शुद्ध केलेल्या एकाच टॉक्सिनला चालेल, कच्च्या विषाला नाही.

रात्रपाळी:
बफर साधं पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचं द्रावण) आहे, ईडीटीए नाही. पण बीसीएसुद्धा २ पर्यंत का पोचत नाही?

जुनी पिपेट:
वाळवलेल्या विषात प्रथिन साधारण ९०-९५ टक्के, बाकी क्षार आणि लहान रेणू. वर ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे तोललेल्या २ मिग्रॅमध्ये थोडं पाणीही आलं. शिवाय पेशींचा गाळ असतो. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) दहा मिनिटं फिरवा आणि वरचं द्रावणच मोजा. आणि तोलताना मास्क लावा. ती पिवळी पापुद्र्यांसारखी कणी स्थिर विजेने चमच्यावरून उडते, श्वासातून जाऊन ॲलर्जी बसते. माझी बसली आहे.

डोससाठी बीसीए धरा, शेवटपर्यंत तीच पद्धत ठेवा. वहीत आकड्याशेजारी पद्धत आणि स्टँडर्ड दोन्ही लिहा.

रात्रपाळी:
आज स्टँडर्ड बदलून बीएसएऐवजी गॅमा ग्लोब्युलिन (रक्तातलंच दुसरं प्रथिन) लावलं. ब्रॅडफर्ड १.५ वर आलं. सरांना प्लेट दाखवली. "बरं," म्हणाले.