उशाशी पाणी (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: आप्पांचं कळलंच असेल. रात्री तीनला पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघाले आणि अंधारात पडले. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. घरात वयस्कर माणूस असेल त्यांनी आजपासून उशाशी पाणी ठेवा. हात जोडून सांगते.

ए-१०१ काकू: अगं बाई! डबा पाठवते, नाही म्हणू नकोस.

सी-२०२: टाकी शेवटची कधी धुतली? उशाशी ठेवलं तरी पाणी तेच ना.

सेक्रेटरी: साहेब, ते सभेत बोलू.

ए-४०१ नाना: झोपण्यापूर्वी ग्लासभर पाणी प्या, हार्ट अटॅक टाळा!! सर्वांना पाठवा 🙏

बी-१०३ डॉक्टर: नाना, हा मेसेज अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या नावाने वर्षानुवर्षं फिरतोय. तो आमचा नाही, असं त्यांनीच सांगितलंय. उशाशी पाणी ठेवायचं कारण वेगळं. उतारवयात तहानेची जाणीव कमी होते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. मग मध्यरात्री घसा सुकला की माणूस ताडकन उठतो, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. पाणी हाताशी असलं की पलंगावर बसूनच दोन घोट घेता येतात.

नाना: आमचं काही पटायचंच नाही तुम्हाला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी, पहाटे उषःपान. वडील रोज करायचे.

डॉक्टर: जरूर करा. फक्त त्या भांड्यात लिंबू पिळू नका, तांबं पाण्यात उतरतं.

बी-२०१: आणि रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या? तिकडेही अंधारच.

डॉक्टर: तहान लागली तरच, तेही घोटभर. वारंवार उठावं लागतं त्यांनी झोपेआधी दोन तास बेतानं प्यावं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून दिलंय त्यांनी त्या मापातलंच. आणि पायाशी छोटा दिवा लावाच.

सी-२०२: टाकी शेवटची कधी धुतली?

सी-५०३: आमच्याकडे उषःपान मांजर करतं 😄

काकू: तांब्यावर फुलपात्र पालथं घाल रे!

बी-२०१: मांजरावरून आठवलं, जिन्यात दुधाची वाटी कोण ठेवतं?

सी-५०३: आधी पार्किंगमध्ये दोन-दोन गाड्या कोण लावतं ते बोलूया का ताई?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून.

ए-३०२: काचेचा ग्लास नको, चार्जरच्या बोर्डाजवळही नको. आणि बाटलीचं झाकण स्वतः उघडून बघा. आईच्या बोटांत संधिवात, तिला फिरकीचं उघडतच नव्हतं. परत स्वयंपाकघरातच जायची.

बी-३०४: आप्पांनी तर "मला आजारी समजता का" म्हणून तांब्या आत नेऊन ठेवला होता. विचारत बसू नका, ठेवून द्या.

सी-२०२: टाकीचं उत्तर नाहीच.

सेक्रेटरी: दिवाळीआधी धुतली.

सी-२०२: कुठल्या दिवाळीआधी?

बी-३०४: रक्ताची सोय करून ठेवा म्हणालेत. बी पॉझिटिव्ह कुणी आहे का?

नाना: मी आहे, पण वयात बसत नाही. मुलाचाही रक्तगट तोच आहे, सकाळी सातला खाली उभा असेल. नंबर दे.