पाहुणा आला आणि घरच ढवळून निघालं... तुमचे अनुभव लिहा

अबोली
काल किराणा दुकानात आमच्या ओळखीच्या एक वहिनी कपाटाला बाहेरून लावायचं कुलूप मागत होत्या. गावाहून दीर आलेत त्यांच्याकडे. ऐकून धस्सच झालं, कारण असंच कुलूप मीही आणलं होतं.

आमचं चिंचवडला वन बीएचके, मुलगी दुसरीत. भाऊजी "चार दिवस राहतो, कामाचं बघतो" म्हणून आले ते दिवाळी गेली, संक्रांत गेली तरी हॉलमधल्या सोफ्यावरच. माणूस वाईट नव्हता हो. मुलीला पाढे शिकवायचे, मेथी निवडून द्यायचे. पण सकाळी कप धरला की हात असे थरथरायचे की अर्धा चहा बशीत. क्वार्टर कुठे कुठे सापडल्या विचारू नका, वॉशिंग मशीनच्या मागे, फ्लशच्या टाकीत, एकदा तर मुलीच्या जुन्या दप्तरात. त्या दप्तरावरून आम्हा दोघांचं जे वाजलं ते अजून आठवतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते आमचं बोलणंच बंद झालं ते. एवढ्याशा घरात कुजबुजायची पण चोरी, मग दूध आणायच्या निमित्ताने खाली पार्किंगमध्ये जाऊन भांडायचो. हे म्हणायचे सख्खा भाऊ आहे, रस्त्यावर टाकू का. मी म्हणायचे मग मी कुठे जाऊ. त्यात सासूबाईंचा रोज फोन, "सांभाळा गं त्याला, तुमच्याशिवाय कोण आहे".

शेवटी ह्यांनी पैसे द्यायचे बंद केले, भाऊजींची दारू एकदम बंद झाली, वाटलं सुटलो. तिसऱ्या रात्री ते उठून भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागले, मुंगी एकही नव्हती. पहाटे फिट आली. डॉक्टर म्हणाले रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अशी तोडायची नसते, दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते, जिवावर बेततं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊनच थांबवायची. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. तिथून पुढे मुक्तांगण, व्यसनमुक्ती केंद्र.

आजारी माणसाला आधार द्यावाच, पण आधी नवरा-बायकोने एका बाजूला उभं राहावं असं माझं ठाम मत झालंय. तुमच्याकडे काय झालं?

मेथीचे_लाडू
अगं बाई, फ्लशची टाकी!! आमच्याकडे तांदळाच्या डब्यात. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

वारणाकाठ
पुरुषांचीही बाजू लिहितो. बायकोचा धाकटा भाऊ, इंजिनीअर, हुशार पोरगा. नोकरी गेली म्हणून आमच्याकडे आला, दिवसभर मोबाइल, आम्हाला वाटलं अर्ज करतोय. ऑनलाइन रमी. लोन ॲपवाल्यांचे फोन आधी त्याला, मग बायकोला, मग माझ्या ऑफिसात, कारण ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट उचललेली. बायको मला न सांगता बांगड्या गहाण ठेवून आली. मला पैशाचं नाही एवढं वाईट वाटलं, लपवल्याचं वाटलं. आम्ही कितीतरी दिवस जेवायला एकत्र बसलो नाही. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा बायको देवाला साखर ठेवून आली. पण ज्याला सवय लागलीय तो दुसरी वाट शोधतोच, उपचार लागतातच.

सायली_पी
@वारणाकाठ बांगड्या सुटल्या का हो?

वारणाकाठ
सुटल्या. त्यानेच सोडवल्या, आता कामाला आहे इचलकरंजीत.

सायली_पी
फार बरं वाटलं वाचून.

तुळशीवृंदावन
आमच्याकडे नणंद. दारू वगैरे काही नाही, संशय. सासरहून आणून सोडली ती बोलायचीच नाही, आणि बोलली की वहिनी जेवणात काहीतरी घालते. मी केलेली पोळी उलटसुलट करून बघायची, वास घ्यायची. मग हे तिच्या ताटातला पहिला घास स्वतः खायचे आणि मला इतका राग यायचा की म्हणजे ह्यांना पण माझ्यावर विश्वास नाही का, तर हे म्हणे विश्वासाचं काय, तिने जेवायला हवं ना. नातेवाईक म्हणे बाहेरचं आहे, अमुक ठिकाणी न्या, अंगारा आणा. मीच मानसोपचाराचा हट्ट धरला. निदान स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिने एक दिवस माझ्याकडे लोणचं मागितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. गोळ्या बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं तरी. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अबोली
तुळशीताई, लोणच्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

मेथीचे_लाडू
आले. माझा चुलत सासरा होता, त्यांच्याबद्दल लिहिणार होते पण एक वेगळंच सांगते. सासूबाईंनी भिंतीवरची जाहिरात बघून "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा"वाली पुडी मागवली होती आणि आमटीत घालणार होत्या.

गोळीवाली_ताई
नको नको नको! मी मेडिकल स्टोअर चालवते. अशा पुडीत काय असतं कुणास ठाऊक. आणि दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी खरी आहे, पण ती त्या माणसाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. नकळत दिली आणि वर तो प्यायला तर चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, माणूस जाऊ शकतो. कृपा करून कुणीही हे करू नका.

मेथीचे_लाडू
फेकलीच होती मी. बरं झालं.

चिंटू_मोठा_झाला
मी अशा घरातला मुलगा. काका आले की माझी हॉलमधली गादी उचलून आईबाबांच्या खोलीत यायची, आणि मी झोपलोय समजून ते दोघं जे बोलायचे ते सगळं मी ऐकलंय. मला काका खूप आवडायचे. कॅरममध्ये रिबाउंड त्यांनीच शिकवला. ते गेल्यावर मला कुणी सांगितलंच नाही कुठे गेले, मला वाटायचं माझ्यामुळे आईने घालवलं. पोरांना सांगत जा, काका आजारी आहेत, दवाखान्यात आहेत. एवढं सांगितलं तरी पुरतं.

अबोली
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमची लेकही विचारत राहायची.

सातारी_कंदी
मुक्तांगणबद्दल जरा सांगाल का? चुलतभावासाठी. त्याची बायको माहेरी गेलीय.

अबोली
हो. पुण्यात येरवड्याला, १९८६ पासून आहे, अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलेलं. ३५ दिवसांचा उपचार. घरच्यांनाही समुपदेशनाला बोलावतात, बायकांसाठी सहचरी म्हणून गट आहे. मी तिथे बसले तेव्हा पहिल्यांदा ह्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलले, पार्किंग सोडून. त्यांच्या बायकोला तुम्ही स्वतः फोन करा, ती आली तर तिचं ऐकणारं कुणीतरी मिळेल.

सातारी_कंदी
करतो. वहिनी माझं ऐकतात थोडंफार.

संत्राबर्फी
नागपूरकडे कुणी आहे का? भाच्याला दाखवायचंय, माझ्याकडेच राहतो सध्या. मिस्टर काही बोलत नाहीत पण घरी उशिरा यायला लागलेत.

गोळीवाली_ताई
नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, ओपीडीला सकाळी लवकर जा, जुने कागद असतील तर सगळे घ्या. आणि मिस्टरांना सोबत न्या, उशिरा येत असले तरी न्या.

संत्राबर्फी
सोमवारी जाते. दोघंही जातो.