मेरँगखाली पाणी का सुटतं?
छोट्या लेमन टार्टमध्ये मेरँगखाली, म्हणजे अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून केलेल्या वरच्या फेसाखाली, पाणी का साचतं, असं एकानं विचारलंय. लिंबाचं सारण गार झाल्यावर मेरँग घातलं की त्याचा तळ कच्चा राहतो, तिथूनच पाणी सुटतं. घासभर टार्टला ओव्हनमध्ये जेमतेम काही मिनिटं मिळतात, त्यामुळे सारण गरम असतानाच मेरँग घाला, अगदी पारीच्या कडेला चिकटेल असं. एका अंड्याच्या पांढऱ्याला ५० ते ६० ग्रॅम बारीक साखर हवीच. गोड होईल म्हणून कमी केलीत तर फेस बसतो. आपली कागदी लिंबं चांगली आंबट असतात, ती गोडी सांभाळतात. भांडं मात्र स्टीलचं घ्या, प्लॅस्टिकला तेलाचा अंश राहतो. आणि पावसाळ्यात? दमट हवेतलं पाणी साखर ओढून घेते, तेव्हा आयत्या वेळी करा आणि लगेच संपवा.